गोठ्यावरून घर

आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनथ आणि भीमपूर मंडलांत, पैनगंगेकाठच्या गावांमधून मी गोपालमित्र म्हणून काम करतो. दहावी-बारावी झालेल्या गावच्याच पोरांना कृत्रिम रेतनाचं आणि जनावरांच्या प्रथमोपचाराचं शिक्षण देऊन हे गोपालमित्र उभे केलेले आहेत. मोटारसायकलच्या मागे नायट्रोजनचा कॅन, खांद्याला औषधांची पिशवी, आणि फोन आला की निघायचं. लोक मला डॉक्टर म्हणतात. खरे डॉक्टर दवाखान्यात असतात आणि मोठं दुखणं मी त्यांच्याकडेच पाठवतो. पण रात्री-अपरात्री गाय अडली की पहिली हाक मला येते.

आमच्या गावांची बोली मराठी. नदीच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा लागतो. पाटणबोरी, पांढरकवडा या भागात आमच्या मामांची, आत्यांची, व्याह्यांची घरं आहेत. 1956 पर्यंत आम्ही हैदराबाद राज्यात होतो, मग आंध्रात गेलो, 2014 पासून तेलंगणात आहोत. नदीपलीकडे सातबारा, आमच्याकडे पट्टा पासबुक, कागद तेलुगू झाले. गोठ्यात बैलाशी बोलायची भाषा मात्र मराठीच राहिली. पीक कापूस, सोयाबीन, तुरीचं. पाणी असेल त्याचा हरभरा, गहू.

या कामानं मला एक गोष्ट शिकवली आहे. गोठा पाहिला की ते घर कसं आहे, हे मला बहुतेक वेळा कळतं. गोठा पक्का आहे की कुडाचा, जनावरं किती, याचा त्याच्याशी संबंध नाही. दावणीला बांधलेला बैल माणूस जवळ आल्यावर काय करतो, तेवढं मी पाहतो. काही बैल मान वळवून वास घेतात, हात चाटायला बघतात. काही बैल डोळ्यांचं पांढरं दाखवत मागे सरतात. मी इंजेक्शनसाठी नुसता हात उचलला तरी त्यांच्या अंगावर शहारा येतो, पाठीची कातडी थरथरते. असा बैल ज्या घरी पाहिला, त्या घरचं पोरही पुष्कळदा दाराच्या आडून बघताना पाहिलं आहे. बाप मोठ्यानं खाकरला तरी ते पोर आत पळतं. बैलाशी गोड बोलणारी आणि घरात हात उचलणारी माणसंही मला माहीत आहेत, ती नाहीत असं मी म्हणणार नाही. पण बैलाला रोज मार आहे आणि घरातल्या माणसांना मात्र माया आहे, असं घर माझ्या पाहण्यात फार थोडं आलं.

एका मासिकात मी न्यूयॉर्कची हकिगत वाचली होती. तिथे 1866 मध्ये हेन्री बर्ग नावाच्या गृहस्थानं जनावरांवरची क्रूरता थांबवण्यासाठी संस्था काढली. 1874 मध्ये मेरी एलन नावाच्या एका लहान मुलीला घरात अमानुष मार बसतो, हे एका बाईच्या लक्षात आलं. तिनं बऱ्याच ठिकाणी दाद मागितली, कुणी दखल घेईना. शेवटी ती बर्ग यांच्याकडे गेली. घोड्या-कुत्र्यांसाठी झटणाऱ्या त्या माणसानं आणि त्याच्या वकिलानं ती मुलगी सोडवली, आणि त्यातूनच मुलांच्या रक्षणासाठी वेगळी संस्था उभी राहिली. हे वाचून मला नवल वाटलं नाही. मुक्या जिवाचा मार ज्याला बघवत नाही, त्याच्याकडे मारल्या जाणाऱ्या पोराची तक्रार घेऊन जावंसं वाटणं मला अगदी सरळ दिसतं.

आता आमच्या एका गावातली गोष्ट सांगतो. मृगाचा पाऊस बरा झाला होता आणि सगळ्यांची पेरणीची घाई. सकाळीच फोन आला, बैलाच्या खांद्याला गाठ आली आहे. मी पोचलो तेव्हा अंगणात चूल पेटलेली आणि तिच्यात विळा लाल होत होता. खांदा सुजला की डागायचं, हा आमच्याकडचा जुना इलाज. बैलाचे पाय बांधून त्याला आडवा पाडला होता आणि दोन जण शिंगांवर बसले होते. खांद्यावर मोसंबीएवढी गाठ, हात लावला तर गरम. जू एका बाजूला घासत होतं, त्यामुळे आत सूज धरली होती. मी विळा बाजूला ठेवायला लावला. डागल्यानं वरची कातडी जळते, आतली सूज तशीच राहते. त्या जखमेत पावसाळ्यात माशी बसते आणि मग बैल हंगामभर उभा राहतो. मॅग्नेशियम सल्फेट आणि ग्लिसरीनचा लेप, गरम पाण्याचा शेक, आणि गाठ बसेपर्यंत मानेवर जू ठेवायचं नाही, एवढं सांगितलं.

म्हातारे काका माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "लेप लावतो बापा. पण पेरणी काय मी माह्या खांद्यावर जू घेऊन करू?"

प्रश्न रास्त होता. ट्रॅक्टर मागवायचा तर जमीन ओली, आणि भाड्याला पैसा नाही. शेजारच्या वावरवाल्याकडे चांगली जोडी होती. पण या दोन घरांत धुऱ्यावरून वाद. मोजणीचे अर्ज झालेले, एकमेकांच्या घरच्या लग्नालाही न जाण्यापर्यंत गोष्ट गेलेली. मी त्या शेजाऱ्याकडे गेलो. भांडणाचं बोललोच नाही. बैलाचा खांदा कसा सुजला आहे, विळा कसा तापवला होता, तेवढं सांगितलं. तो ओट्यावर बसून ऐकत होता. बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "बैलासाठी देऊन राहिलो, डॉक्टर. त्याच्यासाठी नाई."

आमच्याकडे आपली जोडी कुणी दुसऱ्याच्या हाती देत नाही. त्यामुळे तो स्वतःच जोडी घेऊन काकांच्या वावरात आला. ज्या माणसाशी बोलत नव्हता, त्याच्या वावरात तिफण हाकत राहिला. काकू आधी पाणी ठेवून गेल्या, नंतर चहा घेऊन आल्या, दुपारी भाकर-पिठलं आलं. दोघं पुरुष धुऱ्यावर बसून जेवले. मोजणीचा अर्ज अजून आहे तिथेच आहे. पण त्या दिवाळीत दोन्ही घरांतून फराळाची ताटं इकडून तिकडे गेली. बैलाचा खांदा महिना भरायच्या आत बरा झाला होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. हळद-लोणी लावून मालक बैलाचा खांदा चोळतो. तो दिवस मी चुकवत नाही, गोठ्यागोठ्यांत फिरतो. मालकाचा हात एरवी इतका वेळ खांद्यावर नसतो. त्या दिवशी बारीक गाठही त्याच्याच बोटांना आधी लागते आणि तो स्वतःच म्हणतो, डॉक्टर, इथं काहीतरी कडक लागते. दुसऱ्या दिवशी बैलाला मारायचं नसतं, कामाला लावायचं नसतं. झूल, बाशिंग, घुंगरमाळा, पुरणाची पोळी. मी लोकांजवळ एकच हट्ट धरला: पोळ्याला पराणीची आर काढता ना, ती परत ठोकू नका. काहींनी ऐकलं. आर नसलेल्या काठीनंही बैल चालतात, हे त्यांनीच इतरांना सांगितलं. गोऱ्हे बडवायची पद्धतही अशीच मागे पडली. पूर्वी दगड आणि लाकूड घेऊन तासभर ते चालायचं आणि त्या जनावराचा आवाज गावभर ऐकू यायचा. आता चिमट्यानं काम होतं, भूल देता येते. ज्यांनी लहानपणी तो आवाज ऐकला आहे, ती माणसं मला आजही सांगतात की त्या रात्री त्यांना जेवण जात नसे.

माझी आजी माहूरकडची, महानुभाव पंथातली. तिच्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला दंडवत म्हणत. लीळाचरित्रातली सशाची लीळा ती आम्हाला सांगायची: पारध्यांची कुत्री मागे लागलेला ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली येऊन लपतो, आणि स्वामी त्याला पारध्यांच्या हवाली करत नाहीत. आजीची सांगण्याची तऱ्हा अशी की ससा जितका डोळ्यांसमोर यायचा, तितकेच पारधीही यायचे. स्वामी त्यांच्याशी रागानं बोलत नाहीत, यावर ती फार जोर द्यायची. पारध्यांचंही मन वळलं पाहिजे, म्हणायची, नुसता ससा वाचून काय होणार. त्या वयात मला हे कळत नव्हतं. कळलं ते हमरस्त्यावर.

नागपूर-हैदराबादचा मोठा रस्ता आमच्या भागातून जातो आणि पैनगंगेच्या पुलावरून महाराष्ट्रात शिरतो. एका संध्याकाळी मला तातडीनं बोलावलं. काही तरुणांनी जनावरांची गाडी अडवली होती. बैल दाटीवाटीनं कोंबलेले. एकाचा पाय खाली अडकून मोडला होता, दोघांच्या तोंडाला फेस. जनावरांची अशी वाहतूक पाहून कुणाचाही जीव तुटेल. पण गाडीच्या पलीकडे ड्रायव्हर बसला होता. त्याच्या कपाळातून रक्त वाहत होतं, एक डोळा मिटलेला, शर्ट फाटलेला. मला म्हणाले, आधी जनावरं बघा. मी आधी ड्रायव्हरला पाणी दिलं, माझ्याजवळच्या कापसानं जखम दाबून पट्टी बांधली आणि मग बैलांकडे वळलो. कुणी अडवलं नाही. एक-दोघांच्या माना खाली गेल्या असं मला वाटलं. त्यांच्यातलाच एक पोरगा नंतर पाण्याच्या बादल्या आणायला माझ्याबरोबर आला.

गांधीजींनी 1909 मध्ये ‘हिंद स्वराज्य’मध्ये हा प्रश्न घेतला आहे. गायीसाठी मी स्वतःचा प्राण देईन, पण तिच्यासाठी भावाचा प्राण घेणार नाही, असा त्यांचा अर्थ आहे. मला यात थोडाही बदल करावासा वाटत नाही. बैलाच्या कळवळ्यापोटी माणसाचं डोकं फोडलं, तर तो कळवळा बैलाजवळही खरा राहत नाही.

त्या गाडीतला एक बैल मी ओळखला. त्याच्या खुरकुताला मीच औषध केलं होतं. मालकानं त्याला हौसेनं विकला नव्हता. त्या वर्षी कापसाचा भाव पडलेला, मुलीची कॉलेजची फी, बैल म्हातारा आणि चारा महाग. बाजारात नेताना तो मालक त्याच्या पाठीवर हात ठेवून चालला होता, असं त्याच्या शेजाऱ्यानं मला सांगितलं. म्हाताऱ्या बैलाचा प्रश्न हमरस्त्यावर सुटत नाही, तो गावातच सोडवावा लागतो. आमच्या एका गावात सोयाबीनचं कुटार पूर्वी धुऱ्यावरच जाळायचे. आता ते गोळा करून एका जागी रचतात आणि ज्याच्या घरी कामातून गेलेलं जनावर आहे त्याला आधी देतात. थोडं आहे, पण त्यावर काही म्हातारे बैल आपल्याच गोठ्यात मेले.

आता करंटचं सांगतो, कारण या साऱ्यात तेच सगळ्यात जड आहे.

रानडुकरांनी आमच्याकडे माणसाला टेकीस आणलं आहे. कळप रात्री येतो आणि सकाळी हरभऱ्याचं वावर नांगरल्यासारखं दिसतं. रोही येते, हरणं येतात. मचाणावर जागल करून करून माणसाची झोप आणि तब्येत दोन्ही जाते. मग कुणीतरी वावराभोवती तार ओढतो आणि रात्री लाइनवर आकडा टाकतो. आमच्याकडे त्याला करंट लावणं म्हणतात. ते बेकायदा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणाच्या वावरात आहे हेही.

ज्या गावाचं सांगतो, तिथे अशा एका तारेवर आधी कुत्री मेली, मग एक कोल्हा, मग रोहीची मादी. त्या रोहीच्या पोटात पिलू होतं. मी ते पाहिलं आहे. पुढे शेजाऱ्याचा एक बैल त्याच तारेला लागून मेला. मी पोचलो तेव्हा त्याचे पाय ताठ झाले होते आणि पायाच्या केसांना जळका वास येत होता. गावातल्या चार मोठ्या माणसांनी बसून बैलाची अर्धी किंमत द्यायला लावली आणि मिटवलं. तार निघाली नाही. त्याच हिवाळ्यात एक माणूस पहाटे मोटार सुरू करायला निघाला, वाट जवळ पडते म्हणून त्या वावरातून गेला आणि तारेवर पडला. सकाळी सापडला. घरी बायको आणि कॉलेजात जाणारा मुलगा. ज्यानं तार लावली होती, त्याला पोलिसांनी नेलं. तो काही गुंड नव्हता. दोन मुलींचा बाप, कर्ज काढून हरभरा पेरलेला साधा माणूस. दोन घरं एका रात्रीत बसली.

मी त्या दिवसांत पुष्कळ विचार केला. कुत्रं मेलं तेव्हा गाव थांबलं असतं, तर माणूस वाचला असता. रोही मेली तेव्हाही वेळ होती. बैल मेला तेव्हा तर तार डोळ्यांसमोर होती. प्रत्येक वेळी जनावरच आहे म्हणून गाव पुढे गेलं. तारेला मात्र डुक्कर कोणतं आणि माणूस कोणता, हे कळत नाही.

तेराव्यानंतर मारुतीच्या पारावर बैठक झाली. झटका मशीनचं बोलणं निघालं. विदर्भात बऱ्याच ठिकाणी ती लागली आहेत. आमच्या नातेवाइकांकडे लोकांनी पाहिली होती. बारा व्होल्टची बॅटरी, वर सौरप्लेट, त्यातून क्लच वायरला थांबून थांबून झटका जातो. झटका जोराचा असतो, पण क्षणाच्या बारीकशा भागापुरता, त्यामुळे जनावर दचकून मागे फिरतं आणि मरत नाही. लोकांचा विश्वास बसेना. मी सगळ्यांदेखत तारेला हात लावला. कोपरापर्यंत सणक गेली आणि हात आपोआप मागे आला. मग पोरांनी पैजा लावून हात लावले, हसले. त्या गावात पुष्कळ दिवसांनी कुणी हसलं.

मशीन आणून काम संपत नाही, हे शेतकऱ्याला मी मुद्दाम सांगतो, नाहीतर महिन्याभरात तो पुन्हा आकड्याकडे वळतो. तारेखालचं गवत वाढून तारेला टेकलं की करंट जमिनीत उतरतो आणि पुढच्या तारेत काही राहत नाही. म्हणून दर आठ-पंधरा दिवसांनी खालचं गवत काढावं लागतं. अर्थिंगचे रॉड ओलीच्या जागी ठोकावे लागतात, उन्हाळ्यात त्यांच्याभोवती पाणी टाकावं लागतं. खालची तार डुकराच्या तोंडाच्या उंचीला हवी. डुक्कर ओल्या नाकानं हुंगत येतं, नाकाला झटका बसला की किंचाळून पळतं आणि कळप त्याच्यामागे जातो. केसाळ पाठीला तार लागली तर मात्र त्याला फारसं जाणवत नाही. पावसाळी दिवसांत ऊन नसलं की बॅटरी उतरते आणि डुकरं ते ओळखतात, असं आमचे लोक शपथेवर सांगतात. पिकाचं नुकसान अजूनही होतं. पण पूर्वीपेक्षा बरंच कमी, आणि पहाटे मोटार सुरू करायला जाणारा माणूस घरी परत येतो.

वाघाचं वेगळं आहे. पैनगंगेपलीकडे टिपेश्वरचं अभयारण्य, जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरचं. तिथे वाढलेले तरुण वाघ जागा शोधत नदी ओलांडून भीमपूरच्या बाजूनं आमच्याकडे येतात. 2019 मध्ये टिपेश्वरचा एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला, आदिलाबादच्या शिवारातून गेला आणि फिरत फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सुमारे 1300 किलोमीटर चालला. लोकांनी त्याला वॉकर नाव दिलं. कापसाच्या वावरांतून, ओढ्यांच्या काठानं, बहुतेक रात्रीचा. हजारो माणसांच्या जवळून गेला असेल. तो दबून बसला होता त्या झुडपात माणसं शिरली तेव्हा एक जण जखमी झाला, एवढाच प्रसंग घडला.

पण मी त्याच पट्ट्यातला आहे आणि दुसरी बाजूही मी जवळून पाहिली आहे. पांढरकवडा-राळेगाव भागात अवनी वाघिणीच्या नावावर तेरा माणसांचे मृत्यू लागले होते. 2 नोव्हेंबर 2018 ला तिला गोळी घातली. त्या दिवसांत माझ्या मामांच्या गावी कापूस झाडावर फुटून लोंबत होता आणि वेचायला बाई मिळत नव्हती. तिथल्या माणसांना सुटल्यासारखं वाटलं, याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. तिच्या मरणाचं मला दुःख झालं, तेही खोटं नाही. जंगलाच्या कडेला राहणाऱ्याला जीव मुठीत धरून अहिंसा पाळायला सांगणं मला पटत नाही. त्याची वेचणी, त्याची गुरं, त्याची रात्र सांभाळली जाईल अशी व्यवस्था आधी उभी राहायला हवी.

जानेवारी 2024 मध्ये कागजनगरच्या जंगलात दोन वाघ मेले. वाघानं मारलेल्या जनावरावर विष टाकल्याचं तपासात पुढे आलं आणि माणसं अटक झाली. ते वाचलं तेव्हा मला आमच्याकडचा एक पोरगा आठवला. नदीकाठी त्याची गाय वाघानं मारली होती. दुभती, दुसऱ्या वेताची. मी कागदासाठी गेलो होतो. वनखात्याची माणसं येईपर्यंत गाय हलवायची नाही, फोटो, पंचनामा, तर भरपाई मिळते, हे त्याला समजावत होतो. तो ऐकत नव्हता. त्याच्या हातात फवारणीच्या औषधाचा डबा होता. रात्री वाघ पुन्हा येईल, तेव्हा बघतो, म्हणत होता.

जवळच्या गुड्यावरचे एक म्हातारे कोलाम आदिवासी तिथे उभे होते. त्यांनी विचारलं, "तुहं कुत्रं रात्री कुठं फिरते रे? अन् खाली नदीवर पाणी कोण भरते?" पोरगा गप्प झाला. तेवढ्यात त्याची आई वावरातून चालत आली. तिनं गायीकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला. मग पोराच्या हातातला डबा बघितला आणि तिचा चेहराच बदलला. त्या घरानं असा डबा पूर्वी एकदा पाहिला होता. पोराचा बाप त्यातच गेला होता. ती एवढंच म्हणाली, "हे घरात ठेवू नको. वाघासाठी आणला म्हणशील, पण घरात ठेवू नको." डबा तिनं आपल्या हातात घेतला आणि दुसऱ्या दिवशी दुकानात परत केला. रात्री वाघ येऊन गाय खाऊन गेला. भरपाई मिळाली, तिच्यात थोडे घालून त्यांनी कालवड आणली. तिला रेतन मीच केलं.

दर पौष अमावस्येला मी केसलापूरला नागोबाच्या जत्रेला जातो. मेस्राम कुळाचे गोंड लोक गोदावरीचं पाणी पायी चालत आणतात आणि त्या पाण्यानं नागोबाची पूजा होते. महाराष्ट्र, छत्तीसगडमधूनही माणसं येतात. तिथला दरबार मला फार मोठी गोष्ट वाटते. 1940 मध्ये जोडेघाटला गोंडांचे पुढारी कुमराम भीम मारले गेले. जल, जंगल, जमिनीसाठी झालेल्या त्या लढ्यानंतर निजाम सरकारनं या लोकांची स्थिती समजून घ्यायला हायमेनडॉर्फ या अभ्यासकाला आणलं, आणि त्यांच्याच प्रयत्नानं जत्रेत दरबार भरू लागला: अधिकाऱ्यांनी यावं, बसावं, लोकांचं गाऱ्हाणं ऐकावं. तो आजही भरतो. बंदुकीनं जे तुटलं होतं ते बोलायला लोक नागाच्या देवळासमोर बसले. शेतात नाग दिसला की काठी शोधणारे आम्ही, तिथे हात जोडून रांगेत उभे राहतो. जत्रेत बोकडही कापले जातात, आणि त्यांच्या ताटाकडे बोट दाखवायचा अधिकार मला आहे असं मी मानत नाही. माझ्या घरी मांस शिजत नाही; ती आजीची देणगी. पण बकरीला स्वतःच्या अंगावरचं कांबळं देऊन थंडीत बसलेला गोंड मेंढपाळही मी पाहिला आहे.

तार लावणारा तो माणूस आता जामिनावर घरी आहे. मेलेल्या माणसाच्या मुलानं कॉलेज सोडून शेती धरली. दोघांची वावरं लागून आहेत, त्यामुळे झटका मशीनची एकच तार दोघांच्या धुऱ्यावरून जाते आणि कुणा एकानं खालचं गवत काढलं नाही तर दुसऱ्याच्याही तारेत करंट राहत नाही. मुलगा त्याच्या बाजूचं गवत काढतो, हा आपल्या बाजूचं. दोघं अजून एकमेकांशी बोलत नाहीत, आणि बोला असं मीही कधी म्हटलं नाही. येत्या हंगामाआधी बॅटरी बदलायची आहे. वर्गणी गोळा करायचं काम माझ्याकडे आहे. दोघांनीही दिली आहे.